सल्फ्युरिक न घालता

वनिता,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. इतर पुष्कळ बोलले. तुझ्या वर्गांचे निकाल, तुझा वक्तशीरपणा, तुझा मनमिळाऊ स्वभाव. शेवटच्या विशेषणावर मला हसू आले आणि सवयीने मी शेजारच्या खुर्चीकडे पाहिले. तिथे ग्रंथपाल बसले होते. तू मनमिळाऊ मुळीच नव्हतीस. एकदा वादाला बसलीस की चहावर साय धरली तरी तुला भान नसे, आणि हरलीस तर दुसऱ्या दिवशी तोच वाद वेगळ्या टोकाने सुरू करायचीस.

आपला शेवटचा वाद अर्धवट राहिला असे मी धरून चालले होते. तो आता मिटला आहे. कसा मिटला ते सभेत सांगण्यासारखे नव्हते. लोक घाबरले असते, किंवा त्यांना माझी काळजी वाटली असती. म्हणून लिहिते आहे.

तुला रसायनशास्त्र सांगण्याची गरज नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी काहींनी ते दहावीनंतर सोडले असेल, त्यांच्यासाठी थोडे मांडते. इथेनॉल, म्हणजे साध्या भाषेत दारूतला अर्क, हा पदार्थ ऑक्सिजनशी दोन रीतींनी वागतो. भरपूर हवा आणि एक ठिणगी मिळाली की तो फिकट निळ्या ज्योतीने जळतो, आणि मागे कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ उरते. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. तोच कोमट करून त्यात परमँगनेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडले, तर प्रत्येक थेंबाचा जांभळा रंग विरून जातो आणि इथेनॉलचे ॲसेटिक आम्ल होते. ज्योत नाही, धूर नाही. तू बारावीच्या वर्गाला सांगायचीस, "ऑक्सिजन दोन्ही वेळा घरात शिरतोच. एकदा दरवाजा फोडून, एकदा किल्लीने उघडून."

त्या तासाला पोरे हमखास चेकाळायची. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, सेम वास! पळस्प्याच्या ढाब्यावर येतो ना, तोच!"

तू परीक्षानळी खाली न ठेवताच म्हणालीस, "मग प्रयोगवहीत स्थळ म्हणून ढाबाच लिही. आणि निरीक्षक म्हणून वडिलांची सही आण."

वर्ग हसला, तोही हसला, आणि वर्षअखेरीस त्याने त्या प्रकरणावरचा एकही प्रश्न सोडला नाही. तुझ्या या हातोटीचा मला हेवा वाटत असे. मी तुला तसे कधी म्हटले नाही.

दिवसा इथेनॉलची ज्योत दिसत नाही, हे दाखवायला तू खिडक्यांचे पडदे आधी उघडे ठेवायचीस. बशीत पेटलेले इथेनॉल समोर असूनही मुले म्हणायची, विझले. मग तू पडदे ओढायचीस, आणि टेबलावर निळी थरथर उभी राहायची. दर वर्षी त्या क्षणी वर्गातला आवाज बंद होत असे. मी शेजारच्या खोलीतून ती शांतता ऐकत असे.

आता वादाचा विषय. इथेनॉल आणि ॲसेटिक आम्ल एकत्र केले, त्यात संहत, म्हणजे तीव्र, सल्फ्युरिक आम्लाचे थोडे थेंब टाकले आणि नळी गरम पाण्यात धरली, की काही मिनिटांत पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो. हे ईस्टर. सल्फ्युरिक आम्ल इथे उत्प्रेरक, म्हणजे घाई करवणारे. शिक्षककक्षात मी म्हणाले होते की ते घातले नाही आणि उष्णताही दिली नाही, तर हा वास आपल्या हयातीत येणार नाही.

"ॲसेटिक आम्ल काय पाणी आहे? तेही आम्लच. होईल त्याच्या चालीने," तू म्हणालीस.

"कागदावर होईल. नाकाला कळण्याइतके नाही. आपल्या हयातीत नाही."

"कुणाच्या हयातीत, ते नक्की कर."

"तुझ्या," मी चिडून म्हणाले.

"बघू," तू म्हणालीस आणि तासाला निघून गेलीस.

तुझ्यामाझ्यात यावर पुढे काही बोलणे झाले नाही. मला वाटले, विसरलीस.

तू गेल्यावर तुझ्या आईने अन्न सोडले. तुझा धाकटा भाऊ रमेश तिला जासईला आपल्या घरी न्यायला तयार होता. ती पनवेलचा फ्लॅट सोडायला तयार नव्हती. बेलपाड्याचे जुने घर सुटले तेव्हा जिने डोळ्यांत पाणी आणले नव्हते, ती तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. मग एक दिवस रमेशचा फोन आला.

"बाई, आई जेवाला लागली."

"चांगले झाले."

"चांगलं नाय ना. ती म्हनते, वनी आयली की मी जेवते. रोज सांजच्याला येते म्हनते. मी हसलो. मंग मी गेलो ना तिथं, तवा मनापन वास आला. ताईचा वास. कालेजातनं आयली की यायचा ना, त्यो. माजी बायको आता त्या घरात पाय ठेवाला तयार नाय. तुमी शिकलेल्या हायत, तुमी बगा जरा."

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. आई स्वयंपाकघरात भाकरी झाकून ठेवत होती.

"ये गो मेधाबाय. बरी आयलीस. आता येल ती."

तिने हे तुझ्या उशिरा सुटणाऱ्या तासाबद्दल बोलावे तसे सहज म्हटले. तुझ्या खोलीची खिडकी बंद होती. तावदानाच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या. मी विचारले तर म्हणाली, "वास भाईर जातो. मंग मना किती उरतो?"

फळीवर तुझा फोटो होता. फोटोपुढे दिवा. दिव्याच्या दोन्ही बाजूंना तू ठेवलेल्या वस्तू जशाच्या तशा होत्या: तेलाची बाटली, चष्म्याचे घर, आणि फोटोला जवळजवळ टेकून आपल्या प्रयोगशाळेतली काचेच्या बुचाची एक बाटली, अर्धी भरलेली, पाण्यासारख्या स्वच्छ द्रवाने. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. मला आश्चर्य वाटले. चिठ्ठीशिवाय बाटली ठेवणाऱ्या मुलांना तू वर्गाबाहेर काढायचीस.

"तिच्या हातचं मी काय बी हलवलं नाय," आई म्हणाली. "जागा झाली तितक्यात दिवा बसवला."

तिने दिवा लावला. आम्ही दोघी पलंगाच्या कडेवर बसलो. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू होते, पण चिंध्या लावलेल्या खिडकीतून ते दुसऱ्या गावातून आल्यासारखे ऐकू येत होते. दिव्याच्या उजेडात तुझ्या फोटोतल्या चष्म्याची एक काच चमकत होती, दुसरी नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

मग फळीवर आवाज झाला. टक्.

काचेवर काच ठेवल्याचा, अगदी लहान आणि स्वच्छ.

"बांगडी," आई म्हणाली. "ऐकलास?"

तू उजव्या हातात एकच काचेची बांगडी घालायचीस आणि घरी आल्याबरोबर ती काढून त्या फळीवर ठेवायचीस. मला ते माहीत होते.

त्यापाठोपाठ वास आला. आधी नाकात टोचणारा, आंबट. त्याच्या मागून, त्याच्या आडोशाने आल्यासारखा, गोड. पिकलेल्या अननसाचा म्हणावा तर त्याहून पातळ. तुझ्या साडीला वर्षानुवर्षे चिकटलेला, बसमध्ये शेजारी बसल्यावर येणारा, तुझा वास.

आईने दोन्ही तळवे पुढे केले, हवा चेहऱ्याकडे ओढली आणि डोळे मिटले. ही खूण माझ्या ओळखीची होती. अनोळखी बाटलीला थेट नाक लावायचे नाही, हा आपला नियम. तू तो मुलांना सांगायचीस, "आरती घेतो ना, तसा वास घ्यायचा." तू हे आईकडे पाहून शिकलीस की आईने तुझ्याकडे पाहून, मी विचारले नाही.

"कदी कदी दिसते पन," आई डोळे न उघडता म्हणाली.

"काय दिसते?"

"ती. निळी."

तेव्हा माझे लक्ष फोटोच्या चौकटीकडे गेले. खालचा एक कोपरा काळा पडला होता. आल्या आल्या मी तो पाहिला होता आणि दिव्याची काजळी समजले होते. पण काळा कोपरा दिव्याच्या बाजूचा नव्हता. तो बाटलीच्या बाजूचा होता.

पुन्हा टक् झाले, आणि दिव्यापासून बाटलीकडे काहीतरी सरकले. त्याला आवाज नव्हता, जवळजवळ रंगही नव्हता. फळीवरून कुणी निळा पदर ओढून न्यावा तसे ते गेले आणि बाटलीच्या गळ्याभोवती कडे होऊन उभे राहिले. त्याच्या हलत्या उजेडात तुझ्या चष्म्याची दुसरी काचही चमकली. फोटोने डोळे उघडले असे मला वाटले. मी तसे वाटले इतकेच लिहिते आहे.

"बग," आई म्हणाली, "आयली."

मी उठले, फळीवरचे पितळी फुलपात्र घेतले आणि बाटलीच्या गळ्यावर उपडे घातले. कडे नाहीसे झाले.

"झाकू नको तिला!" आई ओरडली. तिच्या एवढ्याशा देहातून तो आवाज कसा निघाला कुणास ठाऊक. "काढ ते! जीव घुसमटंल तिचा!"

मी आधी दिवा उचलून स्वयंपाकघरात नेला. मग फटींतल्या चिंध्या ओढून काढल्या आणि खिडकी सताड उघडली. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. वर्गात मी कठीण भाग सांगताना खडू हातात घेते. त्या दिवशी हात रिकामे होते.

"आई, या बाटलीत दोन द्रव आहेत," मी म्हणाले. "एक व्हिनेगरसारखा आंबट. दुसरा दारूचा अर्क."

ती गर्रकन वळली. "माज्या पोरीच्या खोलीत दारू?"

"प्यायची नव्हे. प्रयोगशाळेतली."

"दारू ती दारूच. रम्याला सांगू नको, बायकोला सांगंल."

मी पुढे सांगितले. दिव्याच्या धगीने बाटली तापते. आतली वाफ फुगते आणि काचेचे बूच किंचित उचलते. वाफ बाहेर पडते, बूच खाली बसते, त्याचा टक् असा आवाज होतो. बाहेर पडलेली वाफ दिव्यापर्यंत पोहोचली की पेटते. अजून नुसती चौकटच काळी झाली होती. खिडकी बंद, खोलीत वाफ कोंडलेली; एखाद्या संध्याकाळी सगळी हवाच पेटली असती आणि ती पलंगावर बसलेली असती.

तिने स्वयंपाकघरात नेलेल्या दिव्याकडे पाहिले. मग म्हणाली, "म्हंजे दिवा लावते म्हनून वास येतो."

"हो."

"ती येत नाय."

याचे उत्तर एका शब्दाचे होते. तुझ्या बाजूने बोलावे तसे मी म्हणाले, "वास तिनेच केलेला आहे, आई. दोन द्रव तिने एकत्र केले आणि ठेवून दिले. त्यांचा तिसरा पदार्थ होतो आहे, फार सावकाश. तो वास त्याचा."

"अजून होतोय?"

"हो."

"ती गेली तरी?"

"हो."

तिने बाटलीकडे पाहिले. उघड्या खिडकीतून वारा आला आणि खोलीत आता कशाचाच वास उरला नाही.

"तू नेनार ते."

"न्यावीच लागेल. खोली पेटेल आणि तुम्ही आत असाल."

"मना चालंल," ती म्हणाली.

वनिता, तुझी आई मरणाबद्दल बोलत होती आणि तिचा आवाज भाजी कोणती करू विचारावे इतका साधा होता. मला चालणार नाही, असे मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन. बाटली ओल्या कापडात गुंडाळून मी निघाले, तेव्हा झाकलेल्या भाकऱ्या तशाच होत्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी मी प्रयोगशाळा उघडली. नुसत्या वासावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे तूही मान्य केले असतेस. निळा लिटमस लाल झाला, आम्ल आहे. सोडा टाकताच फसफसले, तेही अपेक्षित. मग खरा प्रश्न. परीक्षानळीत पाणी घेतले, तुझ्या बाटलीतले काही थेंब टाकले आणि वर बेरियम क्लोराइडचे द्रावण सोडले. सल्फ्युरिक आम्लाचा अंश जरी असता तरी नळीत पांढरा साका आला असता. मी नळी खिडकीकडे धरली. ती स्वच्छ राहिली. मी हलवून पाहिली. स्वच्छच. नवी नळी घेऊन पुन्हा केले.

तू सल्फ्युरिक घातले नव्हतेस. ऊन नाही, आच नाही; दिव्याची धग लागली ती तू गेल्यावरच. ते दोन द्रव तू फळीवर ठेवून दिलेस आणि ते एकमेकांना ओळखत गेले. तू वर्गावर होतीस तेव्हा, तू आजारी होतीस तेव्हा, तुला नेले तेव्हाही. सभेत आम्ही दोन मिनिटे उभे होतो तेव्हासुद्धा तुझ्या बंद खोलीत ते चालू होते. मी रिकाम्या प्रयोगशाळेत मोठ्याने म्हणाले, "जिंकलीस." माझा आवाज फरशीवरून परत आला. मला तुझा फार राग आला आणि तितकेच बरे वाटले; इतकी वर्षे माझ्याशी कुणी इतक्या चिकाटीने भांडले नव्हते.

दुपारी रमेशचा फोन आला. "बाई, आईनं कालपासनं पानीपन घेतलं नाय. काय केलात तुमी?"

त्याचा प्रश्न रास्त होता. कॉलेज सुटताच मी थेट तिच्याकडे गेले. दार नुसते लोटलेले होते. घरात दिवा नव्हता. तुझ्या खोलीत पलंगाच्या कडेवर ती बसली होती, अंधारातल्या अंधारासारखी. मी उंबऱ्यापाशी आले, तोच ती म्हणाली,

"आयलीस, बाय?"

ती तुला हाक मारायची ती हाक. मी उभी राहिले. मग माझ्या ध्यानात आले. सकाळभर मी ती बाटली हाताळली होती. माझ्या पदराला तो वास होता.

"आई, मी मेधा."

"ठावं हाय तू कोन ते," ती म्हणाली. "आंधली नाय झाले मी. ये. हितं बस, जवल."

मी बसले. तिने माझा पदर दोन्ही तळव्यांत धरला आणि चेहऱ्याशी नेला. बराच वेळ तिने तो सोडला नाही. त्या वेळात मी कोण होते, हे मला नेमके सांगता येत नाही. मग तिने पदर माझ्या मांडीवर नीट ठेवला, उठली आणि म्हणाली, "चल, वाढ."

ती अर्धी भाकरी जेवली. मी रमेशला फोन करून तेवढेच सांगितले.

तेव्हापासून रोज असे चालले आहे. प्रयोगशाळा बंद करण्यापूर्वी मी लोखंडी कपाट उघडते, बूच क्षणभर उचलते आणि दुसऱ्या हाताने वास पदरावर ओढून घेते. जवळपास ज्योत नाही याची खात्री करते. हे शास्त्राला धरून आहे का, असे तू विचारशील. नाही. पण तुझी आई आता दोन भाकऱ्या खाते, खिडकी उघडी ठेवते, आणि दिवा स्वयंपाकघरात देवापाशी लावते. माझ्या आमटीला नावे ठेवते. "वनीला पन जमत नव्हती," परवा म्हणाली, "पन तिची तुज्यापरीस बरी." रमेशची बायको येऊन भात करून गेली.

काल कॉलेजला सुट्टी होती. प्रयोगशाळेची किल्ली शिपायाकडे, आणि तो गावी गेलेला. मी दिवसभर बेचैन होते. आदल्या संध्याकाळनंतर बाटली उघडली नव्हती. नेसलेली साडी लाँड्रीतून आलेली, घडी मोडली तेव्हा तिला नुसता इस्त्रीचा वास होता. आई पुन्हा जेवण सोडेल, या भीतीने मी वाटेतून दोनदा मागे फिरले. शेवटी गेले. न जाणे त्याहून वाईट होते.

खोलीत अंधार होता. खिडकी उघडी होती.

"आयलीस?" ती म्हणाली.

"आले."

मी जवळ बसले. तिने नेहमीसारखा पदर तळव्यांत घेतला. तिने तो चेहऱ्याशी नेला, आणि अंधारात मला तिचे हसणे ऐकू आले.

"आज लय हाय," ती म्हणाली. "कालच्यापरीस जास्ती."

तिने पदर माझ्या हातात परत दिला. तो माझ्या नाकापासून वीतभर दूर होता. मी तो वर नेला नाही. तशीच खाली मांडीवर ठेवला, उठले, स्वयंपाकघरात गेले आणि पाने वाढायला घेतली.